छंद घरी ठेवून येऊ नका : वाचनालयाच्या गच्चीवरून आकाशदर्शन, पायरी पायरीने

महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांचं कार्यक्रमांचं वर्ष न विचारता सांगता येतं. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. टेबलावर चादर, तसबिरीला हार, पाहुण्यांचं भाषण, आभार, चहा. फोटो वार्षिक अहवालाला जोडला की झालं. हे दिवस पाळू नयेत असं अजिबात नाही, तपासणीच्या वेळी त्यांची नोंद लागते. पण समोरच्या खुर्च्यांवर ठरावीक मंडळीच का असतात, याचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. कार्यक्रम मांडणाऱ्यालाच त्यात रस नसतो.

त्याच वाचनालयाचा ग्रंथपाल रविवारी पहाटे पक्षी बघायला जातो, कुणी मोडीचे कागद लावत बसतो, कुणी रात्री गच्चीवर दुर्बीण घेऊन उभा असतो. सकाळी कुलूप उघडताना मात्र हे सगळं घरी राहतं. ते वाचनालयात कसं आणायचं, याची कामाची पद्धत पुढे देतो. उदाहरण आकाशदर्शनाचं घेतलं आहे, कारण माझा छंद तो आहे आणि त्याला सुरुवातीला जवळजवळ खर्च नाही.

एक गंमत. १२ ऑगस्टला आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो ते ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पण गणिती डोकं त्यांनी कॉलेजात ठेवलं नाही. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचे तेच तेच सुटे भाग जोडून वेगवेगळी खेळणी होताना त्यांनी पाहिली आणि पुस्तकांच्या वर्गीकरणाची कल्पना त्यातून सुचली. त्यांची ती पद्धत, द्विबिंदू वर्गीकरण (कोलन क्लासिफिकेशन), १९३३ मध्ये छापून आली. अशा माणसाच्या दिवशी नुसतं भाषण ठेवणं जरा विचित्रच.

आधी छंदाची पारख

प्रत्येक छंद वाचनालयात चालत नाही. मी तीन गोष्टी बघतो. नवख्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी किंवा हातांनी काही मिळतं का? तिथून कपाटातल्या पुस्तकाकडे वाट जाते का? आणि तुम्ही आजारी पडलात तर दुसरं कुणी ते चालवू शकेल का?

मोडी या कसोटीला छान उतरते. पहिल्याच संध्याकाळी माणूस स्वतःचं नाव मोडीत लिहून घरी जातो. फक्त लोकांना घरचे जुने मूळ कागद आणायला सांगू नका, मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगा. कागद फाटला किंवा हरवला तर भाऊबंदकीचं भांडण तुमच्या दारात येईल. पक्षिनिरीक्षणही चालतं. नाणी आणि तिकिटं अवघड, कारण लोक प्रदर्शन बघतात, ‘वा’ म्हणतात आणि निघून जातात. शेअर बाजाराचा नाद असेल तर तो कृपया घरीच ठेवा. कुणाचे पैसे बुडाले की नाव वाचनालयाचं खराब होतं.

आणखी एक. जो छंद तुम्हाला फक्त बोलायला आवडतो, दाखवायला नाही, तो आणू नका. भाषणं आधीच पुरेशी आहेत.

कार्यकारिणीपुढे काय न्यायचं

पैसे मागू नका. वाचनालयाच्या कार्यकारिणीत नव्या कल्पनेला पहिला विरोध खर्चाच्या नावाने होतो, आणि खर्चच नसेल तर विरोध करणाऱ्याला दुसरं कारण शोधावं लागतं. तुम्ही मागायचं ते एवढंच : अमुक तारखेला रात्री नऊपर्यंत गच्ची उघडी ठेवण्याची परवानगी.

खरी भीती वेगळी असते आणि ती कुणी बैठकीत बोलत नाही. मुलं कठड्यावरून वाकली तर? मुलींना घरी जायला उशीर झाला तर? शेजारच्यांनी तक्रार केली तर? म्हणून एका कागदावर आधीच लिहून न्या : सुरू कधी, संपणार कधी, किल्ली कुणाकडे, जिन्याचा दिवा कोण बघणार, कठडा किती उंच आहे, लहान मुलांसोबत पालक असणं सक्तीचं. हा कागद कार्यवाहांच्या हातात आदल्या दिवशी पडला तर बैठकीत तेच तुमची बाजू मांडतात. ‘करा की, आमचं काय जातंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. ठराव इतिवृत्तात येऊ द्या. पुढे कुणी विचारलं की रात्री गच्ची कुणी उघडली, तर तोंडी परवानगी कुणालाच आठवत नाही.

तारखेसाठी एक सोपी युक्ती आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ मध्ये त्या तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. २७ चा कार्यक्रम मंडळींच्या पद्धतीने होऊ द्या आणि त्याला जोडून विज्ञान दिन गच्चीवर मागून घ्या. कुणाचं काही काढून घेतलं जात नाही आणि अहवालात एक दिवस वाढतो. शिवाय फेब्रुवारीअखेरचं संध्याकाळचं आकाश म्हणजे पाहुण्यांना दाखवण्यासारखं : मृग जवळजवळ डोक्यावर, शेजारी व्याध, दक्षिणेला खाली अगस्त्य.

तारीख ठरवताना पंचांग उघडा

आकाशदर्शन म्हटलं की लोक पौर्णिमा सुचवतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण उजेड समोरून पडतो आणि सावल्याच नसतात. त्याच्या झगमगाटात तारेही बुडतात. जाणकार मित्र अमावास्या सुचवतील. ती माळरानावर उत्तम, पण तालुक्याच्या गावात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे पहिल्या कार्यक्रमाला लोकांना मोजके तारे दिसतात आणि त्यांचा हिरमोड होतो.

पहिल्या वेळेला शुक्ल सप्तमी ते नवमीमधला दिवस धरा. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो, गावातले दिवे त्याला लपवू शकत नाहीत, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं सावल्यांमुळे खणखणीत उठून दिसतात. २८ फेब्रुवारीला तिथी जमत नसेल तर कार्यक्रम जवळच्या अष्टमीला सरकवा आणि ‘विज्ञान दिनानिमित्त’ असं लिहा. कुणी अडवत नाही. अमावास्येची रात्र नंतर ठेवा, लोकांना गोडी लागल्यावर, एखाद्या शेतावर.

जागा आणि सामान

कठडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या खाली असेल तर गच्ची विसरा आणि शाळेचं मैदान मागा. यात तडजोड नको. खुर्च्या नकोत, मान अवघडते. सतरंज्या टाका आणि लोकांना चक्क आडवं व्हायला सांगा. समोरच रस्त्यावरचा दिवा असेल तर नगरपालिकेच्या वायरमनला आधी भेटून दोन तासांची विनंती करा. नाहीच जमलं तर कठड्याच्या त्या बाजूला दोरीवर जुनं बेडशीट टांगा, बरंच काम होतं.

डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं तरी लागतात आणि एका मोबाइलच्या पडद्याने ती मेहनत क्षणात वाया जाते. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने बांधा आणि मोबाइल खिशात ठेवायला सांगा. फोटो काढायची जबाबदारी एकाच माणसावर द्या, आणि तोही शेवटी.

दुर्बिणीबद्दल. बाजारात ‘चारशे पट मोठं दिसेल’ असं खोक्यावर छापलेल्या टेलिस्कोपचा मोह होतो. त्यांचा तिपाई स्टँड वाऱ्यानेही थरथरतो आणि थरथरणारा चंद्र चारशे पट थरथरतो. सुरुवातीला १० × ५० ची हातातली दुर्बीण पुरे : दहा पट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ५० मिलिमीटरची असतात. गावात कुणाकडे तरी असतेच. ती हातात धरण्याऐवजी कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवा. गुरू आकाशात असेल तर अशा टेकवलेल्या दुर्बिणीतून त्याच्या बाजूचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात.

मोठी दुर्बीण हवीच असेल तर विकत घेण्याआधी मागून बघा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून लोकांना आकाश दाखवत आलं आहे. जवळच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातही धूळ खात पडलेली दुर्बीण निघण्याची शक्यता दांडगी. रीतसर लेटरहेडवर पत्र द्या, तोंडी विचारू नका.

हिरवा लेझर वापरणार असाल तर तो मुलांच्या हातात जाणार नाही आणि विमानाच्या दिशेने वळणार नाही, याची काळजी तुमची.

प्रत्यक्ष संध्याकाळ

सातला सुरू, नऊला संपवायची. प्रास्ताविक नाही. अध्यक्षांना बोलायचंच असेल तर शेवटी चहाच्या वेळी बोलू दे, तोपर्यंत तेही रांगेत उभे राहून बघतील.

सुरुवात चंद्राने करा. रांग लावा, आधी मुलं, मग मोठे. कुणाला घाई करू नका. दुर्बिणीतून पहिल्यांदा चंद्र पाहणारा माणूस आधी काही बोलत नाही, मग डोळा काढून नुसत्या डोळ्यांनी चंद्राकडे बघतो, मग परत दुर्बिणीत. एखादे आजोबा हमखास विचारतात, ‘आत चित्र तर नाही ना लावलेलं?’ त्यांना दुर्बीण स्वतःच्या हाताने जराशी हलवू द्या. चंद्र निसटतो, ते परत शोधतात आणि शंका तिथेच फिटते. ही पाच मिनिटं व्याख्यानाच्या तासाला भारी आहेत.

सगळ्यांचं बघून झालं की सतरंजीवर. मृगापासून सुरू करा, कारण एका ओळीतले तीन तारे, म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला बाण, कुणालाही सापडतात. भोवतीचे चार तारे हरणाचे पाय. बाणाची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा पुंजका. गोष्ट सांगा, पण लगेच काम द्या : कृत्तिकेत किती तारे मोजता येतात? प्रत्येकाने आपला आकडा लाल उजेडात वहीत स्वतः लिहायचा. कुणाला पाच, कुणाला सहा, तरुण डोळ्यांना सात. मग दुर्बीण द्या आणि पुन्हा मोजायला सांगा. वहीतला दुसरा रकाना पहिल्यापेक्षा फार मजेशीर होतो.

या टप्प्यावर तुम्ही गप्प बसायला शिका. हौशी माणसाला हे जड जातं, मला माहीत आहे. गावात नक्षत्रं तुमच्याइतकीच, वेगळ्या अंगाने, जाणणारी माणसं असतात. शेतकऱ्याला विचारा : मृग कधी निघतो? जूनच्या ७-८ तारखेला, तो सांगेल, आणि त्याचं वाहन कोणतं याचीही चर्चा सुरू होईल. मग प्रश्न टाका : मृगाच्या पावसात मृग आकाशात का दिसत नाही? ढग असतात म्हणून, असं पहिलं उत्तर येतं. ढग नसते तरी दिसला नसता; मृग नक्षत्र निघालं याचा अर्थ सूर्य मृगाच्या भागात आला, म्हणजे हरीण दिवसभर सूर्यासोबतच आकाशात फिरतं आणि त्याच्यासोबतच मावळतं. हे कळल्यावर गच्चीवर जी कुजबुज होते तिच्यासाठी सगळा खटाटोप करावा. सप्टेंबरअखेरचा हस्ताचा पाऊस आणि एप्रिलच्या संध्याकाळी दिसणारा हस्ताचा पंजा, तेही मग लोक आपणहून जोडून बघतात. आजीला स्वातीच्या पावसाची, मोत्यांची म्हण आठवते. ती वहीत लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या परवानगीने.

‘माझा मुलगा मुळावर जन्मलाय’

हा प्रश्न येणार. साडेसाती येणार, मंगळ येणार. विज्ञानाचा झेंडा घेऊन त्या माणसावर तुटून पडलात तर तो आणि त्याचं घर पुढच्या वेळी येणार नाही. भविष्य सांगत बसलात तर तुमचं वाचनालय राहणार नाही. मी दाखवण्यावर भर देतो. मूळ म्हणजे वृश्चिकेच्या नांगीतले तारे, मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत थांबलात तर आग्नेयेला दाखवतो, बघा किती सुंदर आकडा आहे. शनी संध्याकाळच्या आकाशात असेल आणि मोठी दुर्बीण मिळाली असेल तर त्याची कडी दाखवा. बोलण्यापेक्षा ती कडी जास्त काम करते.

कुणी फारच खोलात शिरलं तर खाली न्या. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, फलज्योतिष १३३.५ ला आणि खगोलशास्त्र ५२० ला आहे. एकाच छपराखाली, दोन वेगळ्या कपाटांत. वाद घालायचा नाही, दोन्ही कपाटं दाखवायची. वाचून मत बनवायला वाचनालय असतंच.

जिन्याच्या तोंडाशी टेबल

हे नसेल तर तुम्ही आकाशदर्शन केलंत, वाचनालयाचा कार्यक्रम केला नाहीत. लोक गच्चीवरून खाली येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रश्न ताजे असतात, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. म्हणून टेबल वाटेतच हवं, दिवा लावलेला, देवघेवीचं रजिस्टर उघडं, शिक्का आणि पेन तयार.

आठवडाभर आधी विषयाची पुस्तकं बाजूला काढून ठेवा, नाहीतर ऐन वेळी बाहेर गेलेली असतात. नुसती खगोलाची नकोत. नक्षत्रांच्या लोककथा, शेती आणि पावसावरचं काही, मराठी विज्ञानकथा, मुलांची चित्रांची पुस्तकं, एखादं जुनं पंचांग. कमी पडली तर जिल्हा ग्रंथालयाकडे मागा. पुस्तकं कणा बाहेर करून रचू नका, मुखपृष्ठ वर करून पसरा.

सभासद नसलेल्यांचं काय, हे आधी ठरवा. माझं मत असं की त्या रात्री एक पुस्तक अल्प अनामतीवर किंवा ओळखीच्या सभासदाच्या हमीवर द्यावं. एखादं परत येणार नाही, ते गृहीत धरा. पुस्तक परत करायला आलेला माणूस दिवसाच्या उजेडात पहिल्यांदा वाचनालयात शिरतो, आणि सभासद तो तेव्हा होतो. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा : परतीची तारीख आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख, शक्यतो एकच.

घरची पुस्तकं उत्साहाच्या भरात टेबलावर मांडू नका. मांडायचीच असतील तर दाखल रजिस्टरला ‘भेट’ म्हणून रीतसर चढवा आणि त्यांच्यावरचा हक्क सोडा. छंद आणता येतो, पण तुमचं आणि संस्थेचं यातली रेघ पुसट झाली की कटकटी सुरू होतात. वार्षिक खरेदीच्या यादीत या विषयाची पाचसहा पुस्तकं घालून घेणं जास्त चांगलं.

पावसाळ्याची बेगमी, आणि मेमधली दुपार

जून ते सप्टेंबर आकाश बंद. या काळात वाचन चालू ठेवा : महिन्यातून एकदा खिडकीशी बसून एका पुस्तकाचं एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, मुलांकडून पुठ्ठ्याचा तारकानकाशा करून घ्यायचा. फार मोठं काही नको.

मेमध्ये मात्र एक सोन्यासारखी संधी असते आणि ती रात्रीची नाही. महाराष्ट्रात सगळीकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलै-ऑगस्टमधला दिवस बहुधा ढगांत जातो, मेमधला पकडायचा. कोल्हापूरला तो साधारण ६ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नाशिकला १९-२०, नागपूरला २६ च्या आसपास. वेळ बाराला नसते : मुंबईत साडेबारा उलटून पाचेक मिनिटांनी, नागपुरात बारा-दहाच्या सुमारास. वाचनालयाच्या अंगणात एक सरळ पाइप, एक पाण्याची काचेची बाटली आणि एक खुर्ची मांडा. सुट्टी लागलेली असते, मुलं रिकामी असतात, रात्रीची परवानगी लागत नाही. दुर्बिणी मात्र कपाटात कुलूपबंद. सूर्याकडे दुर्बीण वळवली तर डोळा कायमचा जातो, आणि मुलं नेमकं तेच करून बघतात.

किती करायचं

छंद असलेल्या माणसाला राबवून घेणं सोपं असतं. पहिला कार्यक्रम रंगला की कार्यकारिणी म्हणते, दर शनिवारी ठेवू. नाही म्हणा. सार्वजनिक वाचनालयातल्या माणसाला पगार किती मिळतो आणि अनुदानाचा हप्ता कधी येतो हे आपल्याला सांगायला नको. पावसाळा सोडून महिन्यातून एक संध्याकाळ पुरे, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालय उशिरा उघडेल हेही ठरावातच लिहून घ्या. गच्चीवरची गर्दी मोजून खूश होऊ नका. पुढच्या महिनाभरात देवघेवीच्या रजिस्टरला ५२० ची पुस्तकं किती वेळा चढली, नव्या नावांपैकी कितीजण दुसऱ्यांदा आले, हे बघा. तेच आकडे अहवालात द्या.

दुसऱ्या वर्षी दुर्बीण तुमच्या हातात दिसता कामा नये. नववी-दहावीच्या दोघातिघांना चंद्राची रांग सांभाळायला द्या, एखाद्या शिक्षिकेला मृगाची गोष्ट, निवृत्त शेतकऱ्याला पावसाची नक्षत्रं. त्यांच्यासाठी एक फाइल करून कपाटात ठेवा : परवानगीच्या पत्रांच्या प्रती, वायरमनचा आणि दुर्बीण देणाऱ्यांचा नंबर, तिथ्यांची यादी, टेबलावर ठेवायच्या पुस्तकांचे दाखल क्रमांक, सतरंज्या कुठल्या मांडवाल्याकडून आणल्या ते. जिलेटीनचा कागद दरवर्षी नवा आणावा लागतो, तेही तिच्यात लिहा.